दाभोळची खाडी : बोट आहे, पुढचं काय?

दापोलीहून निघालेला रस्ता डोंगर उतरत दाभोळला येतो आणि वाशिष्ठीच्या मुखाशी संपतो. किनाऱ्याजवळ माडांच्या सावलीत जुनी शाही मशीद उभी आहे. विजापूरची शाहजादी मक्केला निघाली, समुद्रप्रवास जमला नाही, मग सोबतच्या पैशातून तिनं ही मशीद बांधली, असं इथले लोक सांगतात. आदिलशाहीत याच बंदरातून हज यात्रेकरूंची जहाजं सुटत. आज इथल्या मुसाफिराला समोरच्या धोपाव्याला उतरून पुढं गुहागर गाठायचं असतं.

२००३ पासून इथं मोटारी नेणारी फेरीबोट आहे. थोड्या मिनिटांत खाडी पार होते. नाहीतर चिपळूणवरून १०० किलोमीटरहून मोठा वळसा. गाडीवाल्याचं सोपं आहे. तो गाडीसकट बोटीत चढतो, पलीकडे उतरून चालू लागतो. पण काठी टेकत आलेल्या दादीचा, कुबड्यांवरच्या तरुणाचा, कडेवर मूल घेतलेल्या बाईचा खरा प्रवास धक्क्यावर उतरल्यावर सुरू होतो. बोट लागली आणि बस नुकतीच गेली, तर दवाखान्याची वेळही गेली. वेगळी रिक्षा करणं प्रत्येकाला परवडत नाही.

सवलती आहेत. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट. पण सवलत गाडीत बसल्यावर मिळते, धक्क्यावर ताटकळणाऱ्याला नाही.

असा मेळ जगात बसवलेला आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९८२ पासून आगगाड्या ठरावीक अंतरानं धावतात आणि खेड्यापाड्यांत जाणाऱ्या पोस्टाच्या पिवळ्या बसगाड्यांच्या वेळा त्यांना जोडलेल्या असतात. आपल्याला तेवढा पसारा नको. बोटीच्या आणि एसटीच्या वेळा दोन्ही धक्क्यांवर एकाच फलकावर लिहाव्यात. शेवटच्या बोटीसाठी शेवटची बस दहा मिनिटं थांबावी. शेअर रिक्षावाल्यांचे नंबर तिथंच असावेत. बसायला सावली, आणि ओहोटीतही पाय घसरणार नाही असा उतार असावा.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा थोडा आणि बोलणं जास्त लागतं. बोटवाले, आगार आणि रिक्षावाले यांना एकत्र बसवायचं काम ग्रामपंचायत करू शकते. जमातीनं आणि मोहल्ल्यानं ते ग्रामसभेत मांडावं. खाडीकाठच्या प्रत्येक घरात बोटीची वाट पाहणारं कुणीतरी असतंच.