दृष्टिहीनांच्या दरीतील वाटा

एच. जी. वेल्स यांची ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’ ही अद्भुतकथा १९०४ साली प्रसिद्ध झाली. कादंबरीचा पसारा तिला नाही. आपल्या घरात कोणा वडीलधाऱ्यांची दृष्टी मंदावत असेल, तर तिच्यासाठी आपण एक दुपार अवश्य काढावी.

अँडीज पर्वतातील एका दरीत पिढ्यान्‌पिढ्या सारेच दृष्टिहीन आहेत. नुन्येझ नावाचा डोळस गिर्यारोहक कड्यावरून घसरून तेथे पोहोचतो. वासरांत लंगडी गाय शहाणी, या न्यायाने आपण येथे राजा होणार, अशी त्याची खात्री असते. घडते उलटेच. बिनखिडक्यांच्या काळोख्या घरांत तोच अडखळतो आणि गावकरी त्याला अर्धवट ठरवतात. कारण ती दरी तेथील माणसांच्या बेताने घडलेली आहे. वाटांमधले कोन ठरलेले, अडथळे केव्हाच दूर केलेले आणि प्रत्येक वाटेच्या कडेला ओळखीची निराळी खाच.

ही खाच माझ्या मनात घर करून राहिली. माझ्या सासूबाईंची दृष्टी काचबिंदूने बरीचशी नेली आहे. त्यांच्या खाटेपासून न्हाणीघरापर्यंत आम्ही भिंतीला लाकडी कठडा बसवला आणि वळणावर त्याला सुतळी गुंडाळली. हाताला सुतळी लागली, की वळायचे. मिठाच्या बरणीला एक रबर, साखरेच्या बरणीला दोन. आपणही हे करून पाहावे. मात्र एकदा ठरलेली वस्तूची जागा पुन्हा बदलू नये. वाटेत सरकवलेले स्टूल दृष्टिदोषाहून अधिक घातक ठरते.

वेल्सच्या दरीतील लोकांचे कान मात्र विलक्षण तीक्ष्ण आहेत. सासूबाईंना आता ऐकूही फारसे येत नाही. मोतीबिंदू आणि कानातील मळ यांवर उपाय आहेत, म्हणून तपासणी आधी करावी. दृष्टी वा श्रवण अचानक गेल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. त्यानंतर उरतो तो स्पर्श. हेलन केलर यांची दृष्टी व श्रवण एकोणिसाव्या महिन्यात गेले. शिक्षिका ॲन सुलिव्हन यांनी त्यांच्या तळहातावर बोटांनी अक्षरे उमटवत भाषा शिकवली. आपल्या वृद्धांना तर अक्षरे आधीच येतात. तळहातावर तर्जनीने एकेक मोठे अक्षर सावकाश काढावे. शिरोरेषा गाळावी, तिने घोटाळाच होतो. माणसांच्याही खुणा ठरवाव्यात. मी सासूबाईंच्या बांगड्यांना हात लावते, मुलगा खांद्यावर दोनदा थोपटतो. मागून अचानक हात धरू नये, जीव दचकतो. सासूबाई निवृत्त शिक्षिका असल्याने माझी वेलांटी चुकली तर हात झटकतात, ही गोष्ट वेगळी!

१९३९ साली वेल्स यांनी कथेचा शेवट बदलला. त्यात दरीतील मेदिना-सारोते नुन्येझबरोबर बाहेरच्या जगात येते, संसार करते, पण दृष्टी मिळवण्याची इच्छा धरत नाही. जन्मतः दृष्टिहीन असलेल्या तिला हे साधत असेल. ज्यांनी सत्तर वर्षे जग पाहिले, त्यांच्याकडून ही तृप्ती आपण अपेक्षू नये. सासूबाई रोज सकाळी नेसण्यापूर्वी तळहात पुढे करतात. मी लुगड्याचा रंग लिहिते. ‘अबोली’ उमटले, की त्या काठावरून बोट फिरवतात आणि काठाचा रंग विचारतात.