परतीचं रक्त

पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन. पाऊस नेमका उघडलेला, ऊन चटके देतंय आणि प्रमुख पाहुण्यांच्या हाती माईक आलाय. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा आधी पांढरा पडतो, मग डोलतो आणि धाडकन खाली. ‘उपाशी आला असेल,’ असं कुणीतरी म्हणतं, कुणी कांदा फोडून आणायला पळतं, पीटीचे सर बखोटीला धरून त्याला उभा करू बघतात.

उपाशी असेलही. पण बऱ्याचदा कारण पोटात नसतं, पोटऱ्यांत असतं. ‘सावधान’ म्हणजे पोटऱ्या न हलवता उभं राहणं. तसं फार वेळ उभं राहिलं की खाली उतरलेलं रक्त पायांतच रेंगाळतं, हृदयाकडे कमी येतं, आणि जे आलंच नाही ते हृदय तरी मेंदूकडे कुठून पाठवणार? पडणं हा त्यावर शरीरानंच काढलेला तोडगा. माणूस आडवा झाला की चढण संपते, मुलगा मिनिटभरात डोळे उघडतो. त्याला आडवाच राहू द्यावा, पाय जरा उंच करावेत. कांद्यानं बिघडत काही नाही, पण श्रेय त्याचं नव्हे.

हृदयाचं कौतुक आपण भरपूर केलं. धमन्यांचाही तोरा मोठा: नाडी लागते ती धमनीची, पोवाड्यात रक्त सळसळतं तेही धमन्यांतून. शिरांची आठवण होते ती त्या फुगल्यावर किंवा दवाखान्यात त्या सापडेनाशा झाल्यावर. मला मात्र रक्ताची खरी गंमत परतीच्या वाटेवरच वाटते.

जाताना रक्ताला काही करावंच लागत नाही. हृदय आकुंचन पावतं तेव्हा पाऱ्याच्या १२० मिलिमीटरच्या दाबानं ते महाधमनीत ढकललं जातं. धमनीची भिंत जाड आणि लवचीक. ठोक्यासरशी ती ताणली जाते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात आकसून रक्त पुढे रेटते. पुढे फाटे फुटत फुटत वाट केशवाहिन्यांपाशी येते आणि इथे सगळं मंदावतं. वेग सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर. तांबड्या पेशीचा व्यास सात-आठ मायक्रॉन, आणि केशवाहिनी कित्येक ठिकाणी त्याहून अरुंद. मग पेशी वाकते, दुमडते, अंग चोरून एकेकटी निघते. तिला हे जमतं, कारण ती दोन्हीकडून दबलेली, पसरट असते आणि तयार होतानाच तिनं आपलं केंद्रक बाहेर टाकलेलं असतं. केशवाहिनीची भिंत एकाच पेशीच्या जाडीची. त्या भिंतीतून प्राणवायू पलीकडे उतरतो, कर्बवायू आत चढतो. एवढ्याचसाठी सगळा खटाटोप. हृदय, महाधमनी हे सगळे या बोळापर्यंत पोचवून देणारे.

आणि बोळ ओलांडला की रक्ताच्या मागे जोर असा फारसा उरत नाही. पावलापासून हृदयापर्यंत साडेतीन-चार फुटांची चढण, आणि वरून हृदय काही ओढून घेत नाही. तरी मिनिटाला पाच लिटर जातं आणि पाच लिटर परत येतं. कसं?

या प्रश्नाशी सतराव्या शतकात विल्यम हार्वी झगडला. इंग्लंडमधून तो इटलीत पादुआला शिकायला गेला होता. तिथले त्याचे गुरू फॅब्रिशियस यांनी शिरांच्या आत पातळ पडद्यांच्या झडपा पाहून ठेवल्या होत्या आणि १६०३ मध्ये त्यावर पुस्तकही छापलं. पण गुरूंवर गॅलेन या प्राचीन वैद्याची चौदाशे वर्षांची सावली होती. यकृतात रक्त बनतं आणि शिरांतून बाहेर जाऊन अवयवांत संपून जातं, असं ते शास्त्र. त्यामुळे या झडपा बाहेर जाणाऱ्या रक्ताला आवर घालतात, असं त्यांनी मानलं. झडपा उघडतात त्या हृदयाच्या दिशेनं, हे समोर दिसत असूनही! शिष्यानं मात्र आधी हिशेब मांडला. अर्ध्या तासात हृदय जितकं रक्त पुढे ढकलतं तितकं सगळ्या शरीरातही नसतं. मग ते रोज नव्यानं बनणार कुठून? म्हणजे तेच रक्त फिरून येत असणार. १६२८ मध्ये त्यानं हे जेमतेम ७२ पानांत छापलं. ही कल्पना पहिल्यांदा कशावरून सुचली, असं शास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलनं त्याला उतारवयात विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, झडपांवरून.

त्या पुस्तकातला प्रयोग आत्ता करून बघा. हात खाली सोडा, म्हणजे शिरा फुगतील. एक लांब, सरळ शीर निवडा. मनगटाच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून धरा आणि दुसऱ्या बोटानं तिथून कोपराकडे रक्त सारत न्या, शिरेवर बारीक गाठ दिसते तिच्या पलीकडेपर्यंत. ती गाठ म्हणजे झडप. आता वरचं बोट उचला. शीर झडपेपर्यंत भरते आणि तिथेच थांबते. खालचा तुकडा चपटाच राहतो. मग खालचं बोट उचला, क्षणात भरेल. रक्त कुठून कुठे जातं ते आपल्याच कातडीखाली दिसतं, त्याला ना सुरी लागते ना दुर्बीण. जाणाऱ्या आणि येणाऱ्या वाटा जोडणाऱ्या केशवाहिन्या मात्र हार्वीला दिसल्या नाहीत. तो १६५७ मध्ये गेला; १६६१ मध्ये माल्पिगी या शास्त्रज्ञानं बेडकाच्या फुप्फुसात त्या सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत, पण चढण चढवतात त्या पोटऱ्या. पाऊल उचललं की पोटरीचा स्नायू आवळतो, आतल्या शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं आणि मागची झडप मिटते. श्वासही हातभार लावतो: छाती फुलली की तिच्यातला दाब उतरतो, पोटातला वाढतो आणि रक्त वर ओढलं जातं. स्तब्ध उभ्या माणसाच्या पावलातल्या शिरेत ९० मिलिमीटरच्या आसपास दाब असतो. तोच चालू लागला की २५-३० पर्यंत उतरतो.

माझी आत्या शाळेत शिकवायची. उभा जन्म फळ्यापुढे गेला. झडपा सैल पडल्या आणि पोटऱ्यांवर हिरव्यानिळ्या दोऱ्यांचा गुंता उमटला. संध्याकाळी घरी आली की ती माजघरात सतरंजीवर पाठ टेकायची आणि दोन्ही पाय भिंतीला उंच लावून पडायची. आजीला ते बघवायचं नाही. ‘अगं, माणसं येतात-जातात, पाय खाली घे.’ आत्या डोळे न उघडता म्हणायची, ‘येऊ देत. पाय माझे आहेत.’ शरीरशास्त्राच्या दृष्टीनं आत्याचं बरोबर होतं. न्हावी, ट्रॅफिक हवालदार, साड्यांच्या दुकानातल्या मुली या सगळ्यांना संध्याकाळी अशी एक भिंत मिळायला हवी.

आणखी एक. आपल्याबद्दल डॉक्टरांना जे कळतं, ते बहुतेक या परतणाऱ्या रक्तातूनच. लॅबमधली मुलगी दंडाला रबरी पट्टा बांधते, ‘मूठ आवळा’ म्हणते, कोपराच्या खळगीत बोटानं चाचपते. डोळ्यांपेक्षा तिचा बोटावर भरवसा जास्त. भिंत पातळ, दाब कमी, कातडीला लागून, म्हणून सुई शिरेत. नळीत येतं ते काळपट लाल रक्त. पुस्तकातल्या आकृतीत शिरा निळ्या रंगवतात, पण निळं रक्त माणसात नसतंच; तो निळेपणा कातडीतून परतणाऱ्या उजेडाचा खेळ. कापसाचा बोळा नीट दाबून धरला नाही तर तिथे डाग पडतो, आधी काळानिळा, मग हिरवट, मग पिवळा. हिमोग्लोबिन मोडत जातानाचे ते रंग.

अशाच रक्ताच्या तपासण्यांतून मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना एक अजब गट सापडला आणि १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो, पण ‘ओ’चं रक्तही त्या गटाच्या माणसाला चालत नाही. जगभर त्याला ‘बॉम्बे’ गट म्हणतात. शहराचं नाव बदललं, गटाचं नाही.

शिरांमध्ये कुठल्याही क्षणी शरीरातलं जवळजवळ दोन तृतीयांश रक्त असतं. घाईत नसलेली शिल्लकच ती. रक्तदानाला जाते ती ३५० मिलिलिटरची पिशवी याच शिलकीतून. त्यातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून निघतं, पेशी काही आठवड्यांत. पण पिशवीतल्या तांबड्या पेशी जास्तीत जास्त ४२ दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स फक्त पाच. म्हणजे रक्त कोठारात भरून ठेवता येत नाही. आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, शिबिरं थंडावलेली, तेव्हा रक्तपेढ्यांचे फ्रीज रिकामे व्हायला लागतात. वय अठराच्या वर, वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असेल, तर यंदा उन्हाळ्यात गावाला निघण्याआधी रक्तपेढीत जाऊन या.