नांगरावरची रात्र

'मुक्काम' हा शब्द मराठीत फार सैल आहे. एस.टी.च्या मुक्कामी गाडीचा चालक रात्री गाडीतच अंग टाकतो आणि पहाटे तीच गाडी परत नेतो. त्याला कुणी रहिवासी म्हणत नाही. परदेशांत हा सैलपणा चालत नाही. तेथील खाजगी धक्क्यांवर बोटीपुरती जागा भाड्याने मिळते, पण त्या भाड्यात रात्र येतेच असे नाही. सॅन फ्रान्सिस्को उपसागरात तर एका धक्क्यावरील जागांपैकी साधारण १० टक्क्यांहून अधिक जागी बोटीत घर करून राहणारे असू नयेत, असे धोरण आहे. पाणी सर्वांचे, ते कुणाचे अंगण होऊ नये, हा त्यामागील विचार आम्हां दोघांनाही पटतो.

आगाशीहून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेले की मात्र तो डळमळतो. तेथे बोटीवर झोपणे ही हौस नव्हे. ओहोटीला बोट वाळूत बसते, भरतीला उठते. भरती मध्यरात्री आली तर निघणेही मध्यरात्रीच. ज्या खलाशाचे कोळीवाड्यात घर नाही, त्याचे अंथरूण फळीवरच पडायचे.

नियमांना संशयाची धार आली ती २००८ नंतर. पोरबंदरच्या 'कुबेर' ट्रॉलरवरील खलाशांची हत्या करून दहशतवादी मुंबईत उतरले; पुढे मच्छीमारांना ओळखपत्रे आली, बोटींना रंग ठरले. ते आवश्यकच होते. पण ज्या घटनेत खलाशी बळी गेले, तिच्यानंतर ओळख पटवण्याचे ओझे खलाशावरच आले, हे आम्हांला टोचते.

हा किनारा तसा नियमांना नवखा नाही. जहाजबांधणीसाठी नावाजलेली आगाशी पोर्तुगीजांनी १५३० च्या सुमारास जाळली आणि पुढे या समुद्रात त्यांच्या परवान्यावाचून गलबत हाकारणे कठीण केले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यात आरमार छावणीला कोठे ठेवावे, याचाही त्यात विचार आहे. ते शिकवताना आम्ही भाषेच्या करारीपणावर बोलतो (परीक्षेतही तेच विचारतात). एकदा अर्नाळ्याच्या एका विद्यार्थ्याने मध्येच विचारले, "सर, छावणीत गलबतं ठेवली, पण खलाशी झोपायचे कुठे?"

वर्ग हसला. तो हसला नाही. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, बोटी वाळूवर ओढून शाकारल्या जातात. त्या ६१ दिवसांत त्याच्या वडिलांच्या बोटीवरचे खलाशी आपापल्या गावी जातात, आणि एकाला गावही नाही, असे त्याने तास संपल्यावर सांगितले. तो त्यांच्या पडवीत झोपतो.