मातीच्या पाटीवरची दासी

वाचकहो, उच्चनीच जगाच्या आरंभापासूनच आहे, असे आपल्याला उठसूट ऐकवले जाते. आम्ही कारकून माणसे. तोंडी बोलण्यावर न जाता आधी कागद बघतो. या बाबतीत कागद नाही, पण मातीच्या पाट्या आहेत.

आजच्या इराकमधील उरुक नगरात इ. स. पूर्व ३३०० च्या सुमारास ओल्या मातीवर लिहिणे सुरू झाले. काव्य नव्हे, धर्मग्रंथ नव्हे. बहुतेक सारा जमाखर्च! त्या काळच्या एका पाटीवर ३७ महिन्यांच्या २९,०८६ मापे सातूची नोंद असून 'कुशिम' असे लिहिलेले आहे. ते माणसाचे नाव की हुद्दा, यावर विद्वानांचे एकमत नाही. (आमच्या कचेरीतही हुद्द्यानेच हाक मारतात.)

त्या लिपीत डोके आणि त्याच्यापुढे वाडगे काढले की झाला 'शिधा'. तसले ओबडधोबड वाडगे उत्खननात ढिगांनी निघाले. आणि 'दासी' कशी लिहीत? 'स्त्री'च्या चिन्हाला 'डोंगर' जोडून. म्हणजे डोंगरी परमुलखातून आणलेली बाई. तिची गुलामी पूर्वजन्मीच्या पापाची नव्हती, हे मालकाच्या हिशेबनिसानेच लिहून ठेवले आहे!

नगर वाढले, धान्य साठले की राजा आणि गुलाम आपोआप येतात, असेही काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. मोहेंजोदडो काही खेडे नव्हते. घराघरांत न्हाण्या होत्या, रस्त्याकडेला झाकलेली गटारे होती. पण राजवाडा किंवा राजाची कबर म्हणून खात्रीने बोट दाखवावे, असे तिथे शंभर वर्षांत काही सापडलेले नाही.