जुनी जीप घेण्यापूर्वी

उन्हाळ कांदा चाळीत पडला आणि त्यातला थोडाफार बऱ्या भावाने गेला, की आमच्या मोसम खोऱ्यातल्या तरुणांच्या डोक्यात एक किडा वळवळू लागतो. नामपूरच्या आसपास गावोगाव फिरताना मला याचा अनुभव दरवर्षी येतो. पोरगा आधी कांद्याच्या करप्याबद्दल विचारतो, मग डाळिंबाच्या तेल्याबद्दल विचारतो, आणि मी निघायच्या बेतात असलो की हळूच म्हणतो, "साहेब, एक जुनी जीप बघून ठेवली आहे. घेऊ का?"

कृषी विस्तार अधिकाऱ्याने या प्रश्नात का पडावे, असे तुम्ही म्हणाल. पण आमचे खाते आणि जीप यांची सोयरीक जुनी आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि पुढे गटविकास कार्यालय म्हटले की दारात जीप, हे चित्र पक्के झाले. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन नोकरीला लागलो, तेव्हाही पंचायत समितीच्या आवारात ताडपत्रीच्या टपाची एक जीप उभी असे. पावसात ती बाहेरच्यापेक्षा आत जास्त गळायची, पण ज्या पांदीत बैलगाडी रुतायची त्या पांदीतून ती निघायची.

ही गाडी मूळची अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धातली. १९४५ साली महिंद्र आणि महंमद या नावाची कंपनी निघाली, १९४७ पासून तिने विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडणी सुरू केली आणि १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र आणि महिंद्र झाले. पुढे तिचा एक कारखाना आपल्या नाशिकला सातपूरमध्येही आला. सांगायचे कारण एवढेच, की शहरातला हौशी माणूस जुनी परदेशी स्पोर्ट मोटार घेतो, तसा आपल्याकडचा हौशी माणूस उघडी जीप घेतो. हौस तीच, फक्त रस्ता वेगळा.

माझ्या पुतण्यालाही ही हौस आली. वय पंचवीस, शेती अडीच एकर, वडील नाहीत. त्याने मला मोबाईलवर पहिल्यांदा जीप नव्हे, तर एक लाल दोन आसनी मोटार दाखवली. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म. अंग फायबरचे, इंजिन रेनॉ कंपनीचे, दिसायला देखणी. मी म्हटले, "बाबा, ही गाडी आपल्या शिवाररस्त्यावर पोट घासत येईल. फायबरला तडा गेला तर सटाण्यात कोण सांधणार? आणि एखादा भाग लागला तर गोव्यापासून शोधत बसशील." त्याला ते पटले. दुसऱ्या दिवशी तो जीपचे फोटो घेऊन हजर. हट्ट सोडला नव्हता, फक्त चाके बदलली होती.

त्याच्याजवळ दोन लाख रुपये होते. विहीर खोल करायला बाजूला ठेवलेले पैसे वेगळे. त्यांना हात लावायचा नाही, ही वहिनींची अट. त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, पोराला नाही म्हणू नका. पण आधी त्याला ही वही दाखवा." माझा थोरला भाऊ काही वर्षे नामपूर ते ताहाराबाद प्रवासी कमांडर चालवत असे. रोजचे डिझेल, पंक्चर, क्लच प्लेट, पंपाचे काम, ताडपत्री, सगळे वहिनींनी लिहून ठेवलेले. भाऊ आजारी पडला त्या वर्षी गाडी विकली, वही मात्र ट्रंकेत राहिली. पोराने ती दोन रात्री वाचली आणि एक शहाणपणाचे काम केले. वहीतल्या दुरुस्त्यांची यादी काढून तो मालेगावला सुट्या भागांच्या दुकानात गेला आणि प्रत्येकाचा आजचा भाव लिहून आणला. क्लचचा संच, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, किंगपिनचा संच, पाच टायर, बॅटरी आणि मजुरी. बेरीज आली बासष्ट हजार. म्हणजे गाडीसाठी उरले एक लाख अडतीस हजार. जुनी गाडी घेताना हिशेब याच बाजूने सुरू करावा असे माझे ठाम मत आहे. लोक सगळे पैसे गाडीत घालतात आणि मग ती सहा महिने गोठ्यात कोंबड्यांच्या कामी येते.

आता पाहणीचे सांगतो. तुम्ही बैल घेताना काय करता? दात बघता, खांदा बघता, खुरांवरून हात फिरवता आणि चालवून बघता. नुसत्या रंगवलेल्या शिंगांवर कोणी बैल घेत नाही. जीपचेही तसेच.

पहिली गाडी मालेगावजवळची. हिरवा रंग चकचकीत, टायर जाड, पुढे चार दिवे. आम्ही सकाळी लवकर गेलो आणि बॉनेटवर हात ठेवला, तर गरम. म्हणजे मालकाने आधीच सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन किती हातघाईने सुरू होते तेच तर बघायचे असते, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावे की आम्ही येईपर्यंत चावी लावू नका. खाली वाकून पाहिले तर चासीला ताजा काळा रंग. बाकी गाडी जुनी आणि चासीच तेवढी नवी कशी? पुतण्याने हातोडीने हळूहळू ठोकत नेले. जिथे पत्रा सलग तिथे आवाज खणखणीत येतो, जिथे गंजून पातळ झाला किंवा वरून पट्टी जोडली तिथे बद्द येतो. पुढच्या पाट्यांच्या आधाराजवळ दोन्ही बाजूंना बद्द. इंजिन दुरुस्त होते, पण चासी मोडलेली गाडी म्हणजे पाठीचा कणा मोडलेला बैल. आम्ही चहा घेतला आणि निघालो.

दुसरी गाडी खरोखर मोहात पाडणारी होती. उंच बॉनेटची सीजे-३बी, लष्करी लिलावातून आलेली आहे असे मालक म्हणाला. नोंदणी पुस्तकात इंधन पेट्रोल, प्रत्यक्षात आत डिझेल इंजिन बसवलेले. "पेट्रोल पीत होती म्हणून बदलले, त्यात काय?" मालक म्हणाला. त्यात बरेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि कारखान्याने दिलेल्या मूळ बांधणीविरुद्ध केलेले बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितले आहे. पुस्तकात एक आणि पोटात दुसरे, अशी गाडी नूतनीकरणाला नेली की अडकते, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही बोट दाखवते.

याच जातीची आणखी एक गोष्ट. हरियाणातल्या मंडी डबवाली गावात जुन्या जीपला नवे अंग देणारे कारागीर आहेत. त्यांच्या गाड्यांचे फोटो आपल्या पोरांच्या मोबाईलवर असतात. कारागिरी उत्तम आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण परराज्यातली गाडी घेताना तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. चासीवर कोरलेला नंबर स्वतः वाचा. रंगाखाली दबला असेल तर वर कागद धरून पेन्सिल घासा, आकडे उमटतात. पुस्तकाशी एक आकडा जरी जुळला नाही तरी घरी या.

तिसरी गाडी दिंडोरी तालुक्यात एका द्राक्ष बागाईतदाराकडे मिळाली. १९९६ ची एमएम ५४०. हिचे डिझेल इंजिन फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या घडणीचे. रंग उडालेला, हूड फाटलेले, शिटांतून काथ्या बाहेर. पोराचा चेहरा पडला, मला मात्र बरे वाटले, कारण या गाडीने काही लपवले नव्हते. थंड इंजिन दुसऱ्या खेपेला लागले. धूर बघा: निळा असेल तर इंजिन ऑईल जळते आहे, सतत काळा असेल तर पंप आणि नोझलचे काम आहे, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी आत शिरत असण्याचा संशय धरा. ऑईलची काडी काढून बोटाला लावा, ऑईल दुधाळ दिसले तर तो संशय पक्का. इंजिन चालू असताना ऑईलचे झाकण उघडा. तिथून फूफू करीत धूर येऊ लागला तर रिंगा झिजल्या असे समजा. या गाडीत थोडा धूर येत होता, पण वय पाहता चालण्यासारखा.

मग जॅक लावून पुढचे चाक वर घेतले आणि वरखाली धरून हलवले. चाक खडखडले. किंगपिन गेलेले. ते यादीत धरलेच होते. चारही चाकांची ताकद बघण्यासाठी गाडी नांगरलेल्या रानात घातली. कोरड्या डांबरी रस्त्यावर चारी चाके जोडून गाडी वळवू नका, त्यात आतले दाते अडखळतात आणि नुकसान होते. रानात मात्र तिने ढेकळे अशी तुडवली की बागाईतदाराचे म्हातारे वडील बांधावरून म्हणाले, "बघा, अजून लाजली नाही."

टायर जाड दिसले तरी बाजूवरचा चार आकड्यांचा शिक्का बघा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात. इथे ते बारा वर्षांचे निघाले.

कागदांकडे वळू. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ही फी एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार केली गेली. शिवाय पर्यावरण कर. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरपाटीही हवी. पुस्तकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा कागद मागा. विक्रीसाठी नमुना २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी भरावे लागतात. वाचकांत कोणी विकणारे असतील तर त्यांनीही ध्यानात ठेवावे, की नाव बदलेपर्यंत अपघाताची जबाबदारी पुस्तकात ज्याचे नाव त्याच्यावर येते. चावी दिली म्हणजे सुटलो असे होत नाही.

काहीजण विचारतात, खूप जुनी गाडी असेल तर सवलत नाही का? २०२१ च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा मोटार "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार फी, मुदत दहा वर्षे. पण अशी गाडी प्रदर्शनाला, मिरवणुकीला न्यावी. रोज कांद्याच्या गोण्या घेऊन बाजार समितीत नेण्यासाठी ती सवलत नाही.

बागाईतदाराने एक लाख ऐंशी हजार सांगितले. आम्ही यादी समोर ठेवली, किंगपिन दाखवले, टायरचा शिक्का दाखवला. ते एक लाख पंचेचाळीसवर येऊन थांबले. पोरगा माझ्याकडे बघू लागला. सात हजारांचा तर प्रश्न, असे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होते. मी काही बोललो नाही. पैसे त्याचे, आणि विहीरही त्याचीच. त्याने खिशातली वहीची यादी काढली, परत घडी घातली आणि म्हणाला, "दादा, माझ्याजवळ एवढेच आहेत. नमस्कार." सटाण्यापर्यंत तो एक अक्षर बोलला नाही. वहिनींनीही विचारले नाही, ताट वाढले.

सोळा दिवसांनी बागाईतदाराचा फोन आला. दुसरे गिऱ्हाईक गाडीला इंजिन बदलून मागत होते म्हणे, आणि त्यांच्या वडिलांना ते आवडले नाही. एक लाख अडतीस हजाराला व्यवहार झाला. पैसे बँकेतून दिले, पावती घेतली, विमा त्याच दिवशी नावावर करायला टाकला. नोंदणी पुस्तक मालेगावच्या परिवहन कार्यालयातून वहिनींच्या नावाने आले, ही पोराचीच सूचना.

दुरुस्ती बासष्ट हजारांत बसली नाही, चार हजार वर गेले. ते त्याने डाळिंबाच्या छाटणीला मजुरीने जाऊन भरले. आता जीप शेतात जाते, खत आणते, आणि रविवारी साल्हेरच्या पायथ्यापर्यंत मित्रांनाही नेते. डिझेल ज्याचे त्याने भरायचे असा त्याने नियम केला आहे, तो मात्र मित्रांना फारसा आवडलेला दिसत नाही. हुडाची ताडपत्री अजून बसायची आहे. कारागिराने आठ दिवसांचा वायदा केला होता, त्याला आता पाचवा आठवडा चालू आहे.