आधी सांगितलं असतं तर...

मागच्या वीकांताला कन्नडला घरी गेलो होतो. तसा दोन-तीन महिन्यांनी जातोच, पण या वेळी जरा पळूनच गेलो म्हणा ना.

झालं असं की बुधवारी मॅनेजरने विचारलं, दोन वर्षांसाठी जर्मनीला जाणार का? मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अभिनंदन." बस्स. तिची पुण्यात नोकरी आहे, लेक पावणेदोन वर्षांची आहे. भांडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी मित्रांबरोबर पितळखोऱ्याला जायचं ठरलं होतं, पण असला पाऊस लागला की सगळं बारगळलं. मग आईच्या कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली. नुसती चाळायला म्हणून घेतली आणि रात्री दीडपर्यंत वाचत बसलो!

लक्ष्मीबाई म्हणजे माहेरच्या मनकर्णिका गोखले. जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडिलांना सोवळ्याचं भयंकर वेड. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक, म्हणजे पुढे रेव्हरंड टिळक म्हणून प्रसिद्ध झालेले कवी. माणूस मोठ्या मनाचा, पण तापट, आणि मनात आलं की निघाला! 1893 मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात बायबल ठेवलं. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. निर्णय एकट्याचा. इकडे बायको, पदरात लहानगा दत्तू, आणि आजूबाजूला सगळं सनातनी गोत. पुढची काही वर्षं नवरा एकीकडे, ही एकीकडे.

मग ती नवऱ्याकडे परत आली. पण लगेच ख्रिस्ती झाली नाही हं! घर एकच, पण तिचं सोवळं वेगळं, पाणी वेगळं. जात माणसांनीच केलेली आहे हे तिला हळूहळू, तिच्या तिच्या हिशेबाने पटत गेलं. 1900 मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर नगरकडचा मिशनचा संसार, चर्च, दुष्काळात पोरकी झालेली मुलं सांभाळणं, पाहुण्यांची जेवणं आणि खिशात पैसा न टिकणारा नवरा. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने म्हातारपणी हे सगळं लिहिलं. पहिला भाग 1934 मध्ये निघाला, 1936 मध्ये त्या गेल्या. आणि लिहिलंय कसं, तर हसत हसत! नवऱ्यावर राग आहे, माया पण आहे, रडगाणं कुठेच नाही.

सकाळी चहा घेताना आईला म्हटलं, "काय धीराची बाई गं!"

आई गवारीच्या शेंगा मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "धीराची होतीच रे. पण त्याने आधी सांगितलं असतं, तर एवढा धीर लागला असता का?"

मी गप्प. जर्मनीचं आईला अजून सांगितलंच नव्हतं. बायकोने फोनवर सांगितलं असणार, किंवा आईने मला बघूनच ओळखलं असेल. कोण जाणे.

आता धर्म बदलणं कुठे आणि दोन वर्षांचं ऑनसाईट कुठे, हे मलाही कळतं. टिळकांनी तरी देवासाठी केलं. मी युरोसाठी! पण जेवताना बातमी देण्याची पद्धत तीच.

परतीची बस नगरला थांबली. टिळकांनी नगरलाच बरीच वर्षं काढली. त्यांची मराठी भजनं चर्चमध्ये आजही म्हणतात. स्टँडवर उतरून बायकोला फोन लावला. "अगं, मी हो म्हणायच्या आधी तुला विचारायला हवं होतं. आता विचारतोय. जायचं का?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "घरी ये, बोलू."

सोमवारी मॅनेजरकडे आठवडाभर वेळ मागितला. त्याचं तोंड वाकडं झालं. होऊ दे. घरी अजून बोलणं चालू आहे, आणि या वेळी भांडण पण चालू आहे.

असो. 'स्मृतिचित्रे' वाचली नसेल तर जरूर वाचा. आणि लग्न झालेलं असेल तर लवकर वाचा!