काळा बंपर

काळा दाणेदार बंपर म्हणजे 'स्वस्तातलं मॉडेल', हा समज आमच्या गोव्यात आहे तसाच घाटापलीकडेही. हुबळीच्या (२०१४ पासून कागदोपत्री हुब्बळ्ळी) माझ्या मेव्हण्याला गाडी विकून मुलीची कॉलेजची फी भरायची होती. बंपर गुळगुळीत करून गाडीच्या रंगात रंगवला तर भाव चढेल, असा त्याचा हिशेब. मीही सोबत गेलो.

रंगारी म्हणाला, "नोड्री साहेब, आधी पाठ बघा." बंपरच्या आतल्या बाजूला 'पीपी' अशी अक्षरं होती. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आपल्या डब्यांचं प्लास्टिक. त्याला रंग सहजी धरत नाही. घासलं की दाणे जातात, पण लव उठते. म्हणून आधी साबणाने तेलकटपणा काढायचा, वॉटर पेपर मारायचा, मग रंग धरावा म्हणून खास प्लास्टिक प्रायमर, खड्डे भरणारा प्रायमर, पुन्हा घासणं, रंग, शेवटी क्लिअर कोट. खास प्रायमर गाळला तर रंगाची साल निघते. 'एबीएस' प्लास्टिक असतं तर काम सोपं झालं असतं.

दाणे तरी उगाच कुठे असतात? ओरखडे आणि साच्याच्या खुणा त्यांत लपतात, उन्हाची चमकही मोडते.

"आणि रंगवलेला बंपर दिसला की गिऱ्हाईक विचारणार, गाडी ठोकली होती काय?"

रंगावर पोट असलेल्या माणसाने रंगवू नका म्हणून सांगितलं! बंपर नुसता धुऊन घेतला. फीचे पैसे निदान रंगात तरी गेले नाहीत.